ओतीव स्लगचा गट पन्नास यार्डांवर विखुरतो आहे: दोष ओतकामाचा, वॉडचा की पावडरीचा?

पेनसिल्व्हेनियाकर

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षे पेनसिल्व्हेनियात राहतो आणि तीन वर्षांपासून आमच्या भागातल्या क्लबात दर महिन्याला होणाऱ्या थ्री-गन सामन्यांत भाग घेतो. या प्रकारात पिस्तूल, रायफल आणि शॉटगन अशी तिन्ही हत्यारे एकाच सामन्यात वापरावी लागतात. शॉटगनच्या फेरीतली बहुतेक लक्ष्ये छऱ्यांनी पाडायची असतात, परंतु जवळजवळ प्रत्येक सामन्यात चार-पाच लक्ष्ये ५० ते ७५ यार्डांवर लावलेली असतात आणि तिथे स्लगखेरीज, म्हणजे शिशाच्या एकाच मोठ्या गोळीखेरीज, दुसरे काही चालत नाही.

विकतचे एक औंसाचे पूर्ण ताकदीचे स्लग सेकंदाला सुमारे १,६०० फूट वेगाने सुटतात. त्यांचा खांद्याला बसणारा धक्का इतका असतो की दुसरा बार टाकण्याआधी नेम धरण्याच्या भिंगातला लाल ठिपका पुन्हा लक्ष्यावर आणण्यात माझा बराच वेळ जातो, शिवाय सरावासाठी ते परवडतही नाहीत. म्हणून मागच्या हिवाळ्यात मी ली कंपनीचा ७/८ औंसाचा, पोकळ बुडाचा आणि बुडात आडपट्टी असलेला स्लगचा साचा घेतला. शिसे वितळवण्याचे लहान विजेचे भांडे घेतले आणि एका निवृत्त गॅरेजवाल्याकडून चाकांच्या जुन्या वजनांची एक बादली मिळवली. साच्यासोबत आलेल्या कागदावरची कृती समोर ठेवून सेकंदाला सुमारे १,२०० फूट वेगाची काडतुसे भरली. त्या कृतीतला वॉड, म्हणजे पावडर आणि स्लग यांच्या मध्ये बसणारी पाकळ्यांची वाटी, मात्र दुकानात मिळाला नाही, त्यामुळे तसाच दिसणारा दुसऱ्या कंपनीचा वॉड वापरला.

निकाल निराशाजनक आहे. बाकावर वाळूच्या पिशव्यांचा आधार घेऊन, इम्प्रूव्ह्ड सिलिंडर चोक (नळीच्या तोंडाशी किंचित आवळणारा तुकडा) लावलेल्या माझ्या गुळगुळीत नळीच्या १२ बोअर शॉटगनमधून विकतच्या स्लगच्या पाच बारांच्या भोकांचा गट ५० यार्डांवर चार इंचांत येतो. माझ्या ओतीव स्लगचा गट अकरा इंचांचा येतो, त्यातही एखादा स्लग पार कडेला जातो, आणि कागदावरची दोन-तीन भोके गोल नसून लांबट आहेत, म्हणजे ते स्लग आडवे होऊन गेले असावेत. पन्नास स्लग तोलून पाहिले तेव्हा सर्वांत हलका ३६४ ग्रेनचा (ग्रेन हे वजनाचे लहान एकक) आणि सर्वांत जड ३८१ ग्रेनचा निघाला. बऱ्याच स्लगांच्या बुडाच्या कडेवर सुरकुत्या दिसतात, पण त्या इतक्या बारीक आहेत की मी आजवर त्यांच्याकडे दुर्लक्ष केले.

क्लबातल्या एका सदस्याचे म्हणणे असे पडले की वेग कमी असल्यामुळे स्लग डगमगतो, तेव्हा पावडर थोडी वाढवून पाहावी. हे मनाला पटत नाही आणि तसे करण्याचे धाडसही होत नाही. मी नेमके कुठून शोधायला सुरुवात करावी? ओतकाम मी आमच्या घराच्या तळघरात, खिडकी उघडी ठेवून करतो, हेही सांगून ठेवतो.

ओतारी_ओहायो

आपण पावडरीला हात लावला नाही हे फार चांगले केले. आपल्या प्रश्नातच उत्तराचा मोठा भाग आलेला आहे: बुडाच्या कडेवरच्या सुरकुत्या आणि ३६४ ते ३८१ हा वजनांचा पसारा. मी गेली एकोणीस वर्षे शिसे ओततो आहे, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो.

आधी हे लक्षात घ्यावे की गुळगुळीत नळीतून सुटलेला स्लग रायफलच्या गोळीसारखा स्वतःभोवती गरगर फिरत नाही. तो सरळ जातो याचे कारण त्याचे डोके भरीव व जड असते आणि बूड पोकळ व हलके असते. बॅडमिंटनचे फूल कसेही फेकले तरी बूच पुढे करूनच जाते, तशातलाच हा प्रकार आहे. कार्ल फॉस्टर यांनी १९३१ साली अमेरिकेत जो स्लग तयार केला त्याचे सगळे मर्म या पोकळ बुडात होते. आता रायफलच्या गोळीत एका बाजूला बारीक पोकळी राहिली, तर गोळी फिरत असल्यामुळे त्या दोषाची ओढ क्षणोक्षणी दिशा बदलते आणि बरीचशी आपसांत फिटून जाते. न फिरणाऱ्या स्लगला ती सवलत नाही. त्याच्या बुडाची एक बाजू दुसरीपेक्षा जाड असेल तर तो सुटल्यापासून लक्ष्यापर्यंत एकाच अंगाला ओढला जातो, आणि पुढच्या काडतुसात तो दोष वेगळ्या दिशेला तोंड करून बसलेला असतो. आपला अकरा इंचांचा गट मला यातून आलेला दिसतो.

म्हणूनच केवळ वजन करून स्लग निवडण्यावर माझा विश्वास नाही. दोन स्लग अगदी ३७२ ग्रेनचे असले तरी एकाची पोकळी नाकात मधोमध असू शकते आणि दुसऱ्याची बुडाच्या भिंतीत एका बाजूला. पहिला बरा जाईल, दुसरा जाणार नाही. एकदा हे करून पाहा: हलक्यांतला एक, मधला एक आणि जडांतला एक असे तीन स्लग घ्या, शेगड्यात (व्हाइसमध्ये) धरा आणि हॅक्सॉने बुडाकडचा भाग आडवा कापा. कापलेल्या वर्तुळाच्या भिंतीची जाडी व्हर्नियरने चार ठिकाणी मोजा. चारही मापे सारखी आली पाहिजेत.

वजनांविषयी एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. ७/८ औंस म्हणजे ३८२.८ ग्रेन. चाकांच्या जुन्या वजनांत शिशाबरोबर साधारण तीन-चार टक्के अँटिमनी असते आणि ते शिशापेक्षा हलके असते, त्यामुळे तोच साचा तोच भरला तरी शुद्ध शिशाच्या तुलनेत स्लग दोन-तीन टक्के हलका पडतो. आपल्या मिश्रधातूचा नीट भरलेला स्लग ३७२-३७३ ग्रेनच्या आसपास असावा असा माझा अंदाज आहे. म्हणजे ३६४ ग्रेनच्या स्लगात पोकळी आहे हे उघड आहे, पण ३८१ ग्रेनचा स्लगही तितकाच संशयास्पद आहे. तो बहुधा साच्याचे दोन अर्धे पूर्ण मिटलेले नसताना ओतला गेला असणार. त्याच्या दोन्ही अंगांवरून नख फिरवा, उभी बारीक कड लागेल. साच्याच्या मिटणाऱ्या पृष्ठांवर शिशाचा एक कण चिकटला तरी एवढे होते. असा स्लग गोलही राहत नाही.

सुरकुत्यांची कारणे दोनच: साचा थंड आहे किंवा साच्यात तेलाचा अंश आहे. नवा साचा तेल लावूनच येतो. तो द्रावकाने, मग साबणाच्या कोमट पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून, आतल्या बाजूला काडीच्या ज्योतीची पातळ काजळी धरावी. तापवण्यासाठी ॲल्युमिनियमच्या साच्याचा एक कोपरा वितळलेल्या शिशात बुडवून धरायचा. सुरुवातीला त्याला शिसे चिकटून वर येते, ते चिकटायचे थांबले की साचा कामाला आला. एवढे सगळे जण करतात. बुडाची पोकळी पाडणारा मधला खुंट मात्र साच्याच्या पाठोपाठ तापत नाही, आणि आपल्या सुरकुत्या नेमक्या बुडावर आहेत. पहिले दहा-बारा स्लग न पाहताच परत भांड्यात टाकावेत. तेवढ्या ओतींनी खुंट तापतो. त्यानंतर हात थांबवू नये. एकेक स्लग हातात घेऊन निरखत बसलात की खुंट थंड झालाच. निरखणे शेवटी, सगळे ओतून झाल्यावर.

ओतताना साच्याच्या वरच्या, जादा शिसे कापणाऱ्या फिरत्या पट्टीवर शिशाचा चांगला मोठा थेंब राहू द्यावा. एवढा भरीव तुकडा थंड होताना आकसतो आणि वरून शिसे ओढून घेतो. ते न मिळाले तर आत पोकळी राहते. थेंबाची चकाकी जाऊन तो अचानक मंद झाला की गोठला असे समजावे, तरी मी मनात आणखी पाच अंक मोजतो आणि मगच पट्टी फिरवतो. घाई केली तर कापलेल्या जागी शिसे फरपटते आणि खड्डा पडतो.

शिशाचा वितळण्याचा बिंदू ३२७ अंश सेल्सिअस आहे. मी भांडे ३६० ते ३७० अंशांच्या दरम्यान ठेवतो. त्याहून खूप वर गेले तर स्लगच्या अंगावर दहिवर पडल्यासारखा खरबरीतपणा येतो. तो दिसायला वाईट असला तरी सुरकुतीइतका घातक नाही, आणि दोहोंपैकी एक निवडायचे तर मी दहिवर पत्करतो. मिश्रणात एक-दोन टक्के कथील घातले तर शिसे साच्याच्या कोपऱ्यांत सहज शिरते. आपल्याकडे भांड्यांना कल्हई करतात तेच हे कथील.

बादलीतल्या वजनांकडेही लक्ष द्या. अलीकडची बरीच वजने जस्ताची किंवा लोखंडाची असतात आणि शिशात थोडे जस्त विरघळले तरी ते दाटसर होऊन साचा भरेनासा होतो. कापणीच्या पकडीने प्रत्येक वजन दाबून पाहावे: शिशात पकड रुतते, जस्तावर घसरते. चुकून एखादे भांड्यात गेलेच तर जस्त ४१९ अंशांखाली वितळत नाही, म्हणून तापमान ३७० च्या वर न नेता तरंगणारा तुकडा पळीने काढून टाकता येतो.

आणि पाणी. सहा वर्षांपूर्वी मी शेडमध्ये ठेवलेली शिशाची एक वीट थेट वितळलेल्या शिशाच्या भांड्यात सोडली. विटेखाली दव जमले होते. त्याची वाफ झाली आणि अर्धे भांडे छताला जाऊन चिकटले. तोंडावर पूर्ण कवच होते म्हणून माझे डोळे वाचले, पण मनगटावरचे डाग अजून आहेत. तेव्हापासून प्रत्येक वीट आधी भांड्याच्या कडेवर ठेवून तापवतो आणि चामड्याचे लांब हातमोजे घातल्याशिवाय पळीला हात लावत नाही.

बारा_बोअर

ओतकामाबद्दल ओतारी यांनी लिहिले आहे त्यात मला भर घालायची नाही. मी वॉड आणि पावडरीबद्दल लिहितो, कारण प्रश्नातली एक ओळ वाचून मला काळजी वाटली.

‘तसाच दिसणारा’ वॉड ही गोष्ट आपण जितकी सहज लिहिली आहे तितकी ती सहज नाही. शॉटगनच्या काडतुसात कवच, प्रायमर (पावडर पेटवणारी बुडातली टोपी), पावडर, वॉड आणि शिशाचे वजन या पाच घटकांची मिळून एक कृती असते आणि प्रयोगशाळेत दाब मोजलेला असतो तो त्या पाचांच्या एकत्रित मेळाचा. यातला एक घटक बदलला की ती वेगळी कृती झाली. वॉडचे बूड वायू किती घट्ट अडवते आणि त्याचा मधला भाग किती दबतो यावर दाब वरखाली होतो आणि हे डोळ्यांनी दिसत नाही. १२ बोअरच्या पावणेतीन इंची काडतुसासाठी अमेरिकेत ठरलेली दाबाची मर्यादा चौरस इंचाला ११,५०० पौंड आहे. रायफलच्या मानाने ती फारच कमी आहे, कारण शॉटगनची नळी पातळ असते. आपण वापरलेल्या वॉडचे नाव, आपले कवच, आपला प्रायमर आणि ७/८ औंसाचा स्लग हे सगळे एकत्र असलेली छापील कृती पावडर बनवणाऱ्याच्या पुस्तिकेत सापडली तरच तो वॉड वापरावा. नाही सापडली तर ती काडतुसे उघडून शिसे वाचवावे आणि मूळ वॉड मिळेपर्यंत थांबावे. सात-आठ डॉलरच्या पिशवीसाठी नळी पणाला लावू नये.

पावडर वाढवण्याचा सल्ला मी ठामपणे चुकीचा म्हणतो. शॉटगनच्या झटपट जळणाऱ्या पावडरीत थोडी भर घातली तर वेग जेमतेम वाढतो आणि दाब मात्र भराभर चढतो. शिवाय त्यामागचा तर्कही टिकत नाही. स्लग गिरकीवर अवलंबून नसल्याने वेग कमी म्हणून तो डगमगतो असे नसते. माझे १,२०० फुटांचे स्लग ५० यार्डांच्या आतच ध्वनीच्या वेगाखाली उतरतात आणि तरीही सरळ जातात.

आपण हलका भार निवडला तो योग्यच आहे. एक औंस आणि १,६०० फूट यांची ऊर्जा सुमारे २,४९० फूट-पौंड होते, तर आपल्या स्लगची १,२२० च्या आसपास. पुठ्ठ्याला भोक पाडायला किंवा लोखंडी पाटी वाजवायला ती पुरून उरते. फक्त मोठ्या सामन्याला जाण्याआधी त्या सामन्याची नियमावली पाहावी. ग्रेनमधले वजन गुणिले वेग भागिले हजार हा पॉवर फॅक्टर धरला तर ३८३ ग्रेन आणि १,२०० फुटांचा आकडा ४५९.६ येतो. आपले स्लग ३७२ चे असतील तर तो ४४६ वर उतरेल. किमान मर्यादा जिथे असते तिथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. लोखंडी पाट्यांवर स्लग किती अंतरापासून चालतो हेही रेंजच्या अधिकाऱ्याला विचारून घ्यावे.

आता वॉडचा अचूकतेशी संबंध. १२ बोअरच्या नळीचा आतला व्यास ०.७२९ इंच असतो आणि आपला स्लग सुमारे ०.६९० चा आहे. मधली जागा वॉडच्या पाकळ्यांनी भरायची असते. पाकळ्या पातळ असतील तर स्लग आत सैल राहून तिरका सुटतो, जाड असतील तर चोकमध्ये एका बाजूने आवळला जातो. नळी बंदुकीपासून पूर्ण वेगळी करून, मोकळ्या वॉडमध्ये स्लग बसवून लाकडी दांड्याने नळीतून ढकलून पाहा. हाताला एकसारखा, बेताचा अडथळा लागला पाहिजे. चोकपाशी एकदम अडकत असेल तर तो जोड सोडून द्यावा. आपले मिश्रण टणक आहे, त्यामुळे तिथे ते मऊ शिशासारखे दबून वाट काढणार नाही. माझ्या अनुभवात या साच्याला मऊ शिसेच मानवते. बुडातली आडपट्टी आतून पीळदार खाचा असलेल्या नळीत वॉडबरोबर स्लगला फिरवण्यासाठी दिलेली आहे. आपल्या गुळगुळीत नळीत तिला ते काम उरत नाही.

स्लगच्या बुडाखाली पुठ्ठ्याची गोल चकती घालण्याचा उपाय आपल्याला कोणीतरी सुचवेल. त्याने गट सुधारल्याचे मी पाहिले आहे, पण कृतीत चकती लिहिलेली असेल तरच ती घालावी.

भरतानाची एक सवय सांगतो. छऱ्यांची काडतुसे भरताना काडतुसे भरण्याच्या यंत्राच्या मापाने पावडर पडू दिली तरी चालते, पण स्लगसाठी मी प्रत्येक माप तराजूवर घेतो. स्लग तसाही यंत्राच्या नळीतून उतरत नाही, तो हातानेच ठेवावा लागतो, तेव्हा वेळ जातोच. पंचवीस कवचे लाकडी ठोकळ्यात उभी करून, पावडर घातल्यावर दिवा तिरका धरून सगळ्यांची पातळी एकदम पाहतो. एखाद्यात दुप्पट पडली असेल किंवा एखादे रिकामे राहिले असेल तर तिथेच दिसते. रेंजवर एखादा बार दबक्या आवाजाचा झाला तर घड्याळ चालू असले तरी थांबायचे, बंदूक रिकामी करायची आणि नळीतून आरपार पाहायचे. वॉड मध्ये अडकलेला असताना पुढचा बार टाकला तर नळी फुटते.

लॅबवाली_न्यूजर्सी

मी नेमबाज नाही. माझे यजमान आहेत, त्यांच्यामुळे हा धागा वाचला. मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते आणि ‘तळघरात, खिडकी उघडी ठेवून’ हे शब्द वाचून लिहिल्यावाचून राहवले नाही. घरात लहान मुले आहेत का, हे आपण लिहिलेले नाही. असतील तर ओतकाम आजपासूनच घराबाहेर हलवावे अशी माझी कळकळीची विनंती आहे.

लोक वाफेला घाबरतात आणि धुळीकडे दुर्लक्ष करतात, प्रत्यक्षात धोका उलटा आहे. शिसे १,७४९ अंशांना उकळते, त्यामुळे ३७० अंशांवर त्याची वाफ नगण्य असते. पण वर जमणारी राखाडी मळी ही शिशाची ऑक्साइडयुक्त भुकटी असते. ती पळीने काढताना उडते, जमिनीवर बसते, चपलांना लागून वर स्वयंपाकघरापर्यंत येते आणि रांगणारे मूल तोच हात तोंडात घालते. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने २०२१ साली मुलांच्या रक्तातल्या शिशाची संदर्भपातळी दर डेसिलिटरला ३.५ मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. त्याखाली सुरक्षित असे काही मानलेले नाही. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर होणारा परिणाम नंतर भरून निघत नाही.

कामाचे कपडे आणि बूट वेगळे ठेवावेत, ते घरच्या कपड्यांबरोबर धुऊ नयेत. कोरडा झाडू मारू नये, ओल्या फडक्याने पुसून ते फडके टाकून द्यावे. शिशासाठी मिळणाऱ्या खास साबणाने हात धुतल्याशिवाय पाण्याची बाटलीसुद्धा उघडू नये. मळी झाकणाच्या डब्यात साठवून धोकादायक कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्यावी. वर स्लग कापून पाहण्याचा सल्ला दिला आहे तो भुसा उडवणारा आहे, म्हणून ते काम बाहेर, खाली ओला कागद पसरून करावे. आणि वर्षातून एकदा स्वतःच्या रक्तातले शिसे तपासून घ्यावे. बंदिस्त रेंजवर जाणाऱ्यांनी तर नक्कीच, कारण तिथे बहुतेक प्रायमरांतल्या शिशाच्या संयुगाची धूळ हवेत असते.

खडकीचा_वाचक

मी पुण्यात ट्रॅपचा सराव करतो. आमच्याकडे शॉटगनचा खेळ म्हणजे ट्रॅप आणि स्कीट, हवेत उडवलेल्या तबकड्या पाडण्याचे, दोन्ही छऱ्यांचे. ७/८ औंस म्हणजे २४.८ ग्रॅम, आणि आंतरराष्ट्रीय ट्रॅपच्या काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. ट्रॅपच्या वॉडमध्ये हा स्लग का बसवता येतो, याचा उलगडा मला या आकड्यावरून झाला.

हा धागा भारतातले वाचकही वाचतील म्हणून लिहितो. १८६९ साली सुरू झालेल्या आमच्या खडकीच्या कारखान्यात १२ बोअरची काडतुसे बनतात आणि परवानाधारक ती विकत घेतात, पण घरी स्वतः दारूगोळा तयार करणे ही निराळी गोष्ट आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या पाचव्या कलमानुसार त्यासाठी वेगळा परवाना लागतो आणि बंदूक बाळगण्याच्या परवान्यात तो समाविष्ट नसतो. तेव्हा इथे वाचलेले भारतात करून पाहू नये. कोकणात आमच्या आजोळी ठासणीच्या बंदुकीसाठी शिशाच्या गोळ्या घरी ओतल्याच्या गोष्टी मी लहानपणी ऐकल्या आहेत, म्हणून हा धागा मनापासून वाचला.

पेनसिल्व्हेनियाकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सात आठवड्यांनी लिहितो आहे, कारण एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहायची असे ठरवले होते.

सर्वप्रथम ताईंच्या विनंतीबद्दल. आमची मुलगी चार वर्षांची आहे. त्याच रात्री भांडे तळघरातून काढले, आता ते मागच्या अंगणातल्या उघड्या छपराखाली आहे. तळघर तीनदा ओल्या फडक्याने पुसून घेतले आणि मुलीचे व माझे रक्त तपासले. मुलीची पातळी १ च्या खाली आली, माझी ६ आली. डॉक्टरांनी मला सहा महिन्यांनी पुन्हा बोलावले आहे.

मग तीन स्लग बाहेर ओल्या कागदावर कापले. ३६४ ग्रेनच्या स्लगच्या भिंतीत, बाहेरून अगदी गुळगुळीत दिसणाऱ्या बाजूला, ज्वारीच्या दाण्याएवढी पोकळी निघाली. ३८१ ग्रेनच्या स्लगची भिंत एका अंगाला ०.११ इंच आणि समोरच्या अंगाला ०.१४ इंच भरली. नखाला उभी कडही लागली. साचा दिव्यापुढे धरला तेव्हा मिटणाऱ्या पृष्ठावर शिशाचा पापुद्रा दिसला, तो लाकडी काडीने खरवडून काढला.

वापरलेल्या वॉडसह माझ्या कवचाची कृती कुठल्याच पुस्तिकेत मिळाली नाही, म्हणून उरलेली अठ्ठावीस काडतुसे उघडली. मूळ वॉड एका दुकानात मागवून घेतला.

पहिल्या फेरीत फक्त ओतकाम सुधारले: तेच मिश्रण, साचा धुऊन, पहिले बारा स्लग परत भांड्यात. नंतरच्या साठांपैकी त्रेपन्न ३७१ ते ३७४ ग्रेनमध्ये आले. ओतारी यांचा अंदाज बरोबर निघाला. मूळ वॉड आणि छापील कृतीने भरून पाच-पाच बारांचे चार गट काढले, ते ५० यार्डांवर साडेसहा ते सात इंचांत आले आणि एकही भोक लांबट नव्हते. दुसऱ्या फेरीत मऊ शिसे दोन टक्के कथील घालून वापरले. वजने ३८० ते ३८२, गट साडेचार ते पाच इंच. दांड्याने ढकलून पाहिले तेव्हा टणक स्लग चोकपाशी अडखळत होता आणि मऊ स्लग एकसारखा सरकत होता, हा फरक हाताला स्पष्ट जाणवला.

एक शंका उरली आहे. चारपैकी तीन गटांत पहिलाच बार दीड-दोन इंच वर लागतो आणि उरलेले चार एकत्र येतात. हा स्लगचा दोष समजावा का?

ओतारी_ओहायो

नाही. पहिला बार नेहमी त्याच दिशेला जात असेल तर तो स्लगचा दोष नव्हे, कारण ओतकामाचा दोष दर वेळी वेगळ्या दिशेला ओढतो. आपण प्रत्येक गटाआधी नळी पुसत असाल तर स्वच्छ, थंड नळीतला पहिला बार असा वेगळा लागू शकतो. पुढच्या वेळी नळी न पुसता, लक्ष्याबाहेर मातीच्या बांधात एक बार टाकून मग गट काढून पाहा. अर्धस्वयंचलित बंदुकीत हाताने थेट कोठीत घातलेले पहिले काडतूस आणि यंत्राने ओढून घेतलेली पुढची काडतुसे यांतही फरक पडतो, म्हणून दुसऱ्या खेपेला पहिलेही नळीखालच्या काडतुसांच्या नलिकेतूनच चढवून बघा. सामन्यात आपला पहिला स्लग बहुधा छऱ्यांच्या बारांनंतर, मळलेल्या नळीतूनच जाणार आहे, तेव्हा बंदुकीचा नेम जुळवताना त्याच अवस्थेतला गट धरावा.

मऊ शिशाचे स्लग डब्यात एकमेकांवर ओतू नका. बुडाची कड चटकन चेपते. अंड्यांच्या पुठ्ठ्यात एकेक उभा ठेवावा, मी तसेच करतो.